न पोहोचलेली टिक

१२ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून कागदी डायरी बंद, हे ॲप सुरू. डेपोत बावीस वर्षं ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्युट्या लावतोय, पण माझ्या स्वतःच्या दिवसाला वेळापत्रक नव्हतं. आता आहे. उठणे, दाढी, अण्णांची सुई, ऑफिस. प्रत्येक कामापुढे एक गोल, बोट लावलं की हिरवी टिक. दैनंदिनीला वेगळं पान आहे, ते हे. हिनं सकाळी माझ्या टिका बघितल्या आणि म्हणाली, "श्वास घेतल्याची पण एक करा, नाहीतर राहून जायचा." बायकोला विनोद सुचला की समजावं, गोष्ट पटलेली आहे, फक्त कबूल करायची नाही.

खरा उपयोग वडिलांसाठी, अण्णांसाठी. अण्णांना सकाळी खाण्याआधी अठरा युनिट इन्सुलिन लागतं. डेपोत जाताना साडेसातला मी त्यांच्या घरी थांबून देतो आणि दूध-पाव भरवतो. मला जमलं नाही तर सव्वाआठला धाकटी बहीण येते, ती देते. दुपार-संध्याकाळही धाकटीकडेच, कारण तिचं शिवणाचं दुकान अण्णांच्या मागच्याच गल्लीत आहे. अडचण एवढीच की अण्णांना विचारून उपयोग नाही. "सुई दिली का?" हो. "राहिली का?" हो. चाळीस वर्षं बस चालवलेला माणूस, हल्ली कुठलाही स्टॉप त्यांना आपलाच वाटतो.

त्यासाठी आईनं स्वयंपाकघराच्या दाराला कॅलेंडर टांगलं होतं आणि दोऱ्यानं पेन्सिल बांधली होती. सुई दिली की तारखेवर फुली. आई गेल्यावर धाकटीनं तेच चालू ठेवलं. आज मी ते उतरवलं. आता दोघांच्या फोनवर एकच यादी, 'अण्णा' नावाची. मी टिक केली की तिला दिसणार, तिनं केली की मला. धाकटी म्हणाली, "दादा, पण इथं नेट कुठं येतं? मोरीच्या खिडकीत उभं राहिलं तर एक दांडी." मी तिला ॲपचं वाक्यच दाखवलं: इंटरनेटशिवायही चालते.

१९ फेब्रुवारी, सोमवार

आठवडा झाला, छान चाललंय. नेट नसलं तरी टिक माझ्या फोनवर होते आणि मी रस्त्यावर आलो की आपोआप धाकटीच्या फोनवर जाते. ती येईपर्यंत पोहोचलेली असते.

गुरुवारी तेवढी उशिरा पोहोचली. तर धाकटीनं लगेच डेपोत फोन केला, "दादा, सुई दिलीस ना? दिसत नाहीये म्हणून विचारलं." माझ्यासमोर चार ड्रायव्हर उभे. म्हटलं, फोनच करायचा तर यादी कशाला? जरा विश्वास ठेवायला शिक. आज यादीच्या डोक्यावरच नियम लिहून टाकला: 'सव्वाआठला टिक नसेल तर सुई राहिली आहे असं समजून द्यावी. फोन करू नये.' वाचून म्हणाली, "तू उंटावरून शेळ्या हाकतोस. पेन्सिलीला बरं होतं, तिला रेंज लागत नव्हती." बदल कुणालाच नको असतो. डेपोत नवा रूट लावला तरी महिनाभर हेच ऐकावं लागतं.

३ मार्च, रविवार

ॲपमध्ये दर रविवारी एक सल्ला येतो. आजचा आवडला. दिवसाचे पहिले तीन तास फोन ऑफलाइन ठेवा, मन थाऱ्यावर राहतं, कामं दुप्पट होतात. उद्यापासून सात ते दहा फ्लाइट मोड. हिला सांगितलं तर म्हणाली, "घरात असता तेव्हा तुम्ही त्याच मोडवर असता."

४ मार्च, सोमवार, सकाळी ८.५०

काय शांतता! सात वाजता घरातून निघतानाच फोन फ्लाइट मोडवर टाकला. सात चौतीसला अण्णांना सुई दिली, टिक केली, मग दूध-पाव. भांडी धुऊन पालथी घातली, निघालो. अण्णा म्हणाले, "आज गाडी हलकी चालतेय." अगदी माझ्या मनातलं बोलले. डेपोत येऊन बसलो आणि आठवडाभर रखडलेला सुट्ट्यांचा तक्ता पाऊण तासात हातावेगळा केला. एक फोन नाही, एक टुणटुण नाही. हे आधी का सुचलं नाही?

४ मार्च, संध्याकाळी ६

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय. दहाला दहा कमी असताना डेपोचा लँडलाइन वाजला. अण्णा मोरीच्या दारात पडले होते. शेजारच्यांनी धप्पकन आवाज ऐकला आणि धाकटीला दुकानातून बोलावून आणलं. घामानं चिंब, हाक मारली तर ओ नाही. शुगर बत्तीस. सलाइनमधून साखर चढवल्यावर डोळे उघडले, पण खुब्याचं हाड मोडलंय.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "इन्सुलिन कुणी दिलं?"

"मी. अठरा. एकदाच," धाकटी म्हणाली.

"एवढी उतरायला दुप्पट गेलं असणार. पेनच्या डायलवरचा आकडा नीट बघितला होता?"

धाकटीचा हात डोळ्यांकडे गेला. मग म्हणाली, "चष्मा लावला नव्हता. आणि ते खायला पण नको म्हणत होते. पोट भरलंय म्हणाले. मला वाटलं, हट्ट करतायत. दुकान उघडायचं होतं म्हणून निघाले मी." मग माझ्याकडे बघून, "दादाला आज जमलं नव्हतं. टिक नव्हती." आणि तिनं आपला फोन डॉक्टरांपुढे धरला. गोल रिकामा होता.

मी तिथंच उभा होतो, मिठाची गुळणी धरून. मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

फोन अजून फ्लाइट मोडवरच आहे.

५ मार्च, मंगळवार

अण्णांच्या तोंडाला मास्क, बोलणं नाही. धाकटी वॉर्डबाहेरच्या बाकावर बसून होती. म्हटलं, आत ये. म्हणाली, "तू जा. मी इथं बरी आहे."

कोणत्याही क्षणी सांगता येईल. फक्त नीट क्षण हवा. इथं नर्सा ये-जा करतायत, बाजूच्या पेशंटची माणसं कान देऊन बसलेली. अशा ठिकाणी बोलायची गोष्ट नाही ही.

७ मार्च, गुरुवार

फोन बिघडलाय असं सगळ्यांना सांगून टाकलं. डेपोचा नंबर आणि हिचा नंबर, दोन्हींवर निभतंय. कंट्रोलर म्हणतो, "टाइमटेबलसाहेब, तुमचीच गाडी रूटवरून गायब?" हसलो.

चालू केला की सात चौतीसची टिक जाणार आणि धाकटीच्या फोनवर टुण् होणार. हे असं फोनवरून कळणं बरं नव्हे. अण्णांचं ऑपरेशन करायचं की नाही ते अजून ठरायचंय, त्या गडबडीत हे नको. अण्णा एकदा घरी आले की शांतपणे बसून सांगेन. आणि खरं सांगायचं तर नेट नसल्यामुळे कामं भराभर होतायत. एप्रिलच्या ड्युट्या आजच लावून झाल्या.

अण्णांचा मास्क काढला. पहिलं वाक्य, "धाकटी चढली का?" मी म्हटलं, येईल.

१० मार्च, रविवार

आज ती टिक काढून बघितली. बोट लावलं, हिरवं गेलं, गोल रिकामा झाला. खाली बारीक अक्षरांत आलं: '४ मार्च, ७.३४ ला पूर्ण. आज बदल केला.' म्हणजे आणखीनच पंचाईत. परत टिक केली, तर तेही लिहून आलं. एवढी हुशारी ॲपला कुणी सांगितली होती?

ॲपच फोनवरून काढून टाकायचं म्हटलं, तर विचारतं, 'न पाठवलेल्या सर्व नोंदी कायमच्या जातील. काढायचे?' त्यात ही पानंही आली. 'नाही' दाबलं. पानांचं काय करणार आहे मी, ते माहीत नाही. पण 'नाही' दाबलं.

१२ मार्च, मंगळवार

अण्णा घरी आले. त्यांच्या हृदयाला ऑपरेशन झेपणार नाही म्हणाले, तेव्हा आता पलंग हेच घर. सुईला आणि बाकी सगळ्याला दिवसभराची नर्सबाई लावली आहे. बाई चांगल्या आहेत. आल्या आल्या विचारलं, "मागची नोंद कुठं आहे?" मी म्हटलं, नवी वही घाला.

धाकटी अकरा वाजता आली. धुतलेल्या चादरी आणि मऊ भाताचा डबा. उंबऱ्याच्या आत आली नाही. डबा माझ्या हातात दिला, चादरी दिल्या आणि घराची किल्लीही काढून दिली. "राहू दे की," म्हटलं तर म्हणाली, "नको. माझ्याकडे नको." मग विचारलं, "अण्णा काही म्हणतात का?"

"झोपून असतात," मी म्हणालो.

तसे ते जागे होते आणि सकाळपासून दोनदा तिच्याबद्दल विचारूनही झालं होतं. पण सांगितलं असतं तर तिच्या जिवाला घोर लागला असता. आत आली असती, रडारड झाली असती, गोष्टीतून गोष्ट निघाली असती. तिला विश्रांती हवीच होती. दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ धावतेय बिचारी.

१५ मार्च, शुक्रवार

सांगायचं म्हणून दुकानात गेलो. ठरवूनच गेलो होतो.

मशिनवर कव्हर. ती गिऱ्हाइकांचे कपडे नुसते घेते आणि पुढच्या चौकातल्या शिंप्याकडे पाठवते. म्हणाली, "माप चुकतं रे. टेपवरचा आकडा दोनदा बघूनही खरा वाटत नाही. कुणाचं कापड बिघडवून ठेवायचं?" तिचा हात मला लहानपणापासून माहीत आहे. एकदा बटण लावलं की शर्ट फाटतो, पण बटण निघत नाही.

मग आपणहून बोलायला लागली. "मला आठवतंय मी अठरावर आणलं. डोळ्यांपुढे दिसतंय. पण ते त्याच दिवसाचं आहे का आदल्या दिवसाचं, सांगता येत नाही. रोज तेच तर करत होते. आणि त्यांनी खाल्लं नाही, तरी मी शटर उघडायला पळाले. दादा, पोटच्या पोरीनं असं करावं?"

आता बोलायचं होतं. तोंडही उघडलं होतं. आणि त्यातून काय निघालं, तर "होतं गं असं. चुकतं माणूस. मनाला लावून घेऊ नकोस."

ती एकदम रडायलाच लागली. माझा हात धरला. "तू एकदाही मला बोलला नाहीस. दुसरा कुणी असता तर उभं जाळलं असतं मला."

मी तिला माफ करून आलो. हे वाक्य लिहून तीनदा वाचलं. असंच झालंय, दुसरं कसं लिहिणार?

१८ मार्च, सोमवार

अण्णांना खोकला. कूस बदलता येत नाही, छातीत साचतंय म्हणाल्या नर्सबाई. दिवसभर त्यांचं एकच चाललंय. "धाकटी चढली का? दार लावू नका, ती पळत येतेय." मी म्हटलं, अण्णा, येईल. म्हणाले, "मी थांबवतो गाडी. दोन मिनिटांनी काय होतंय?" चाळीस वर्षांत यांनी कुणासाठी गाडी दोन मिनिटं थांबवल्याचं मी ऐकलेलं नाही. डेपोत त्यांचं नाव निघालं की म्हातारे कंडक्टर अजून हेच सांगतात.

नर्सबाई म्हणाल्या, "त्या ताई दारातूनच जातात रोज. बोलवा ना आत." मी म्हटलं, तिचं मन तयार झालं की येईल. जबरदस्ती करून चालत नाही. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि वाफेचं भांडं घेऊन गेल्या.

आजही दारात तिनं तेच विचारलं, मी तेच सांगितलं.

२१ मार्च, गुरुवार

ताप एकशे दोन. दवाखान्यात नेऊन परत हाल करायचे की नाही, हे डॉक्टरांनी आमच्यावरच सोडलं. औषध बदललंय.

इकडे हिला भलताच संशय. "अठरा दिवस फोन बिघडलेला, आणि तुम्ही त्यात रोज टकटक लिहिता. दुरुस्तीला टाका, नाहीतर सांगून टाका कोण आहे ती." हसूच आलं. बावीस वर्षं एकाच खुर्चीवर बसून ड्युट्या लावणाऱ्याला कोण भेटणार? पण मग बोललो नाही, कारण ही रागावली नव्हती. घाबरली होती.

दुपारी मोरीच्या खिडकीत जाऊन उभा राहिलो. इथं एक दांडी येते. फ्लाइट मोड काढला की संपलं, मला तोंडानं काही सांगावं लागणार नाही. ॲपच सांगेल. बोट ठेवलं होतं. तेवढ्यात अण्णांना ढास लागली आणि बाईंनी हाक मारली. उचलून बसवलं. माझ्या खांद्यावर मान टाकून म्हणाले, "तू कुठला? धाकटीच्या स्टॉपचा का?" हो म्हटलं. "मग सांग तिला, मी उभा आहे."

उद्या नक्की.

२३ मार्च, शनिवार

अण्णा गेले. सकाळी अकराला. बाई चादर बदलत होत्या, मी डेपोत होतो.

मी पोहोचलो तेव्हा धाकटी आतच होती. पलंगाशी, खाली बसलेली. किल्ली नव्हती, बाईंनीच तिला आत घेतलं म्हणे. तिनं अण्णांचे पाय धरले होते. हाताला हात लावला नव्हता.

२६ मार्च, मंगळवार

सगळं उरकलं. पाहुणे गेले. आज डेपोच्या मैदानात, धुवायला लावलेल्या गाड्यांच्या मागे उभा राहून फ्लाइट मोड काढला.

फोन पाच मिनिटं थरथरत होता. डेपोचे मेसेज, बँकेचे, सांत्वनाचे. मग ॲप उघडलं. वर एक रेघ फिरत राहिली, 'पाठवत आहे, पाठवत आहे', आणि शेवटी आलं: '"अण्णा" ही यादी काढून टाकलेली आहे, ६ मार्च. तुमच्या ३ नोंदी पाठवता आल्या नाहीत.'

सहा मार्च. पडल्यानंतर तिसऱ्याच दिवशी धाकटीनं ती यादी पुसून टाकली होती. बघवली नसेल. म्हणजे सात तारखेला चालू केला असता तरी काही झालं नसतं, दहा तारखेला केला असता तरी नाही. मी ज्याला घाबरून नेटबाहेर बसलो होतो ते कधी पोहोचणारच नव्हतं. आणि आता तर काही राहिलंच नाही. टिक नाही, यादी नाही, अण्णाही नाहीत. सुंठीवाचून खोकला गेला.

बरं वाटायला हवं होतं. गाडी धुणाऱ्यानं विचारलं, "साहेब, बसायला खुर्ची आणू का?"

२८ मार्च, गुरुवार

धाकटी घरी येऊन गेली, मी डेपोत असताना. जेवताना ही सांगत होती, "तिनं दुकान सोडायचं ठरवलंय. म्हणते, ज्या हातानं बाप गेला त्या हातानं लोकांचे कपडे काय शिवू? आणि तुमचं सारखं कौतुक. 'वहिनी, दादानं एका शब्दानं टोचलं नाही मला. असा भाऊ मिळायला नशीब लागतं.' मी म्हटलं, खरंय बाई."

ही खरंच मनापासून बोलत होती. संशयही गेला होता बहुतेक. मी भात पाण्याबरोबर ढकलला.

हिला सांगून बघावं का आधी? नाही. हिला सांगितलं की ही काहीतरी मार्ग काढेल आणि तो मला पटेल. सरळ धाकटीकडेच जायचं.

२९ मार्च, शुक्रवार

गेलो. दुकानात ती एकटी होती. राहिलेल्या कपड्यांची गिऱ्हाइकांच्या नावांनी गाठोडी बांधत बसली होती. बस म्हणाली, बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. सात चौतीस, दूध-पाव, धुऊन ठेवलेली भांडी, फ्लाइट मोड, दवाखाना, माझं गप्प बसणं. वाटेत दहा वेळा पाठ केलं होतं, पण त्याहून थोडक्यात संपलं.

तिनं हातातलं गाठोडं जवळ ओढलं. मग म्हणाली, "म्हणजे डायल अठरावरच होता माझा."

"हो."

"आणि पोट खरंच भरलेलं होतं त्यांचं."

"हो. तुझं काहीसुद्धा चुकलं नव्हतं."

शिव्या देईल म्हणून तयारी ठेवली होती. 'माझ्या जन्माला डाग लावलास' म्हणेल, वहिनीला सांगते म्हणेल, दुकानातून चालता हो म्हणेल, सगळ्याला उत्तरं होती. तिनं त्यातलं काही विचारलं नाही. हातातल्या गाठोड्याची गाठ सोडली, परत बांधली.

"अण्णा माझं विचारायचे का?"

 याचं उत्तर मी काढून ठेवलेलं नव्हतं.

"रोज," मी म्हणालो.

"तू म्हणायचास झोपून असतात."

मी गाठोड्यावरचं गिऱ्हाइकाचं नाव वाचत राहिलो.

"सुईचं जाऊ दे, दादा. घाबरला असशील. मी पण घाबरले असते, मी पण कदाचित दोन दिवस गप्प बसले असते. पण मी रोज दारात येऊन विचारत होते तुला. दारापासून पलंग दहा पावलं होता. माझा हात वाईट आहे म्हणून मी आत येत नव्हते. आणि ते मला बोलवत होते, आणि तू दोघांच्या मध्ये उभा होतास."

तिचा आवाज चढला नाही. चढायला हवा होता, मला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, मी काय करू सांग. जे म्हणशील ते करतो. सगळ्यांना बोलावून सांगतो.

ती म्हणाली, "काय म्हणायचे ते सांग. पहिल्यापासून सांग."

मला नीट आठवेना. पण हे लिहिलेलं होतं. खिशातून फोन काढला, ही पानं उघडली, आणि तिच्यासमोर उभा राहून वाचायला लागलो. ती स्टुलावर बसली, मांडीवर हात ठेवून.

"पाच तारखेला?"

"मास्क होता. बोलले नाहीत."

"सहाला?"

"सहाचं लिहिलेलं नाही."

"सातला?"

"मास्क काढल्यावर म्हणाले, 'धाकटी चढली का?'"

तिनं डोळे मिटून घेतले. "आठला?"

आठचं नव्हतं. नऊचंही नव्हतं. दहाचं पान मी मनातल्या मनात चाळलं, त्यात सगळं टिकेबद्दलच होतं, अण्णा नव्हतेच. अकरा नाही. बाराला दोनदा विचारलं होतं, पण काय शब्दांत ते मी लिहिलं नव्हतं. ती तारीख म्हणायची आणि थांबायची. मी 'नाही' म्हणायचो, की पुढची तारीख म्हणायची. घाई नव्हती तिला.

"तेराला?" ती म्हणाली. "आठवून बघ. रोज म्हणालास ना?"

मी आठवून बघितलं. त्या दिवशी सकाळी मी त्यांच्या उशाशी बसलो होतो, त्यांनी तोंड उघडलं होतं, काहीतरी म्हणालेही होते. मी फोनमध्ये बघत होतो.

"नाही आठवत," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. "चौदाला?"